दांडपट्टा व लाठी : अनेकांविरुद्ध एकट्याचा बचाव

अनेक हल्लेखोरांनी एकाच वेळी चाल केली असता एकट्याने स्वसंरक्षण करण्याची महाराष्ट्रातील पारंपरिक विद्या. मर्दानी खेळांत तिचा अंतर्भाव होतो. द्वंद्वात प्रतिस्पर्ध्यास नमविणे हे उद्दिष्ट असते; येथे मात्र कोणासही अंगाशी भिडू न देणे, वेढा पुरा होऊ न देणे व निसटण्याची वाट मोकळी ठेवणे, हे मुख्य सूत्र होय. एकास पकडताच मल्ल दुसऱ्याच्या तडाख्यात सापडतो. म्हणून पकडीपेक्षा शस्त्राचा पल्ला आणि पवित्रा यांस येथे अधिक महत्त्व आहे.

दांडपट्टा या हत्याराची रचना या गरजेस अनुरूप आहे. त्याचे पाते लांब, सरळ, लवचिक व दुधारी असून मुठीवरील पोलादी आवरण कोपरापर्यंतचा हात झाकते. मनगट जखडले गेल्यामुळे वार खांद्यातून व कोपरातून होतात आणि पात्याचे सलग फेर शरीराभोवती फिरते कडे निर्माण करतात. दुसऱ्या हातात ढाल किंवा दुसरा पट्टा धरतात. अरुंद जागी अथवा स्वपक्षाच्या गर्दीत मात्र हे हत्यार गैरसोयीचे ठरते. पट्टा चालविणारा तो ‘पटाईत’. हाच शब्द पुढे ‘निष्णात’ या अर्थी मराठीत रूढ झाला.

अफझलखान-प्रसंगात (१६५९) सय्यद बंडा या पटाईताचा वार जिवा महाला याने परतविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांनी शत्रूस अडवून धरले. खिंडीच्या अरुंदपणामुळे मोठ्या सैन्यातील थोडेच लोक एका वेळी पुढे येऊ शकत होते. बाजीप्रभू धारातीर्थी पडले. तथापि शिवाजी महाराज विशाळगडावर पोहोचले. संख्येवर मात करण्यापेक्षा जागेची निवड व वेळ मिळविणे यांचे मोल या लढाईने दाखविले.

मराठी सत्तेच्या अस्तानंतर (१८१८) आणि १८७८ च्या शस्त्रकायद्यानंतर पट्ट्याचा युद्धोपयोग संपला. बांबूची लाठी सहज उपलब्ध होती. ती मागे-पुढे व दोन्ही बाजूंना रोख बदलत फिरविण्याचे शिक्षण तालमींत दिले जाई. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) व पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) या संस्थांनी देशी व्यायामास संघटित रूप दिले. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कोल्हापुरातील तालमींनी मर्दानी खेळांची परंपरा विशेष जपली आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्यास राज्यशस्त्र म्हणून घोषित केले.

मिरवणुकीतील प्रात्यक्षिकात फेर ठरलेले असतात, जोडीदार परिचित असतो. जमिनीवरील लिंबू पट्ट्याने कापण्यात नेमकेपणाची कसोटी लागते. परंतु लिंबू उलट वार करीत नाही. प्रत्यक्ष हल्ल्यात हल्लेखोर मागून येतात, दम लवकर संपतो आणि तोल गेल्यास सावरण्यास अवसर मिळत नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही खाजगी बचावाचा हक्क मान्य करताना बचावासाठी आवश्यक तेवढ्याच बळाची मर्यादा घातली आहे. वाट मोकळी होताच मागे सरणे हे जुन्या विद्येचे सूत्र या मर्यादेशी सुसंगत आहे.