गिटारच्या उभ्या भिंती

अंदलुसचा विषय निघाला की आपल्या मैफलीत एक वाक्य हमखास येते: गिटार युरोपला आपण दिली. उर्दू शाळेत इतिहास शिकवताना आम्हीही ते बिनदिक्कत सांगत आलो. गिटार बनते कशी हे समजून घेऊ लागलो, तेव्हा जीभ अडखळली.

ऊद मात्र निःसंशय आपला. जिरयाब 822 साली कुर्तुब्यात पोचला. त्याने उदाला पाचवी तार जोडली, असे अल्-मक्करी लिहितो. ‘अल्-ऊद’ म्हणजे लाकूड. त्याचेच स्पेनमध्ये ‘लाऊद’ आणि इंग्रजीत ‘ल्यूट’ झाले. नावासोबत घडणही गेली. लाकडाच्या पातळ पट्ट्या आतल्या साच्यावर वाकवून एकीला एक चिकटवायच्या, शेवटी साचा काढून घ्यायचा, की गोल पाठ तयार. इथे कुठल्याच पट्टीला एकटीने उभे राहावे लागत नाही, शेजारीण तिला धरून असते.

गिटारची बाजू म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची, 9-10 सेंटिमीटर रुंदीची फळी. ओली करून तापल्या नळीवर वाकवली की पोट आणि कंबर उमटते, पण हात सुटताच लाकूड पुन्हा सरळ होऊ पाहते, कंबरेपाशी पीळ खाते. (मिरजेत हा त्रास नाही. 1850च्या सुमारास शस्त्रांना धार लावणारे शिकलगार सतारी बनवू लागले. त्यांचा भोपळा वेलीवरच गोल होतो.) वेगवेगळ्या मापांच्या गिटारींसाठी आज काही कारागीर सरकता साचा वापरतात. पाटातल्या खाचेत ठोकळे सरकवायचे आणि बोल्टने कसायचे. सोय मोठी, पण फळीला आधार ठोकळ्यापाशीच, दोन ठोकळ्यांमध्ये ती मोकळी. त्यात कसताना ठोकळा केसभर कलला की भिंतही कलते. खाली माप बरोबर आणि वर चुकलेले, मग पाठ बसवताना सगळे उघडे पडते. म्हणून दर ठोकळा कसल्यावर गुण्या लावून पाहायचा, आतून आडवा ताण देऊन फळी साच्याला भिडवायची.

स्पेनच्या जुन्या पद्धतीत बाहेरचा साचाच नाही. ‘सोलेरा’ नावाच्या पाटावर गिटारचे तोंड पालथे ठेवतात, दांड्याच्या टाचेतल्या खाचेत बाजूंची टोके बसवतात आणि कडेने लहान ठोकळे सरसाने चिकटवत भिंत उभी करतात. अल्मेरियाच्या अंतोनियो दे तोरेसने 1862 साली तर बाजू आणि पाठ पुठ्ठ्याची करून दाखवली. आवाज मुख्यतः वरच्या फळीचा, हे त्याला सिद्ध करायचे होते.

यात उदाचा साचा कुठेच नाही. ‘कितारा’ हा शब्द अरबीत आहे खरा, पण तो मूळचा ग्रीक. सोळाव्या शतकात उरलेला युरोप ल्यूट वाजवत असताना स्पेनमध्ये कंबरेची, सपाट पाठीची विहुएला मानाची होती. लुईस मिलानचे तिच्यावरचे पुस्तक 1536 साली वालेन्सियात छापले गेले. मुसलमानांची आठवण नको म्हणून गोल पाठ टाळली, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. मनाला तो पटतो, पण मन म्हणजे पुरावा नव्हे.

आता आम्ही फळ्यावर दोन आकृत्या काढतो. गोल पाठीखाली ‘ऊद’ लिहितो, ल्यूटपर्यंत बाण ओढतो. कंबरेच्या आकृतीकडे बाण ओढत नाही. मुले विचारतात, “सर, इथे का नाही?” मग तासाचा उरलेला वेळ त्यातच जातो.