क्रीम, वुजू आणि चाकणची पाळी

चाकणला कारखान्यात लागलेल्या जुन्या विद्यार्थ्याने लाजत विचारले, "सर, पोरांनी क्रीम लावलं तर लोक हसतील?" ऑइल काढायला पाळीत कितीदा साबण, वर पाच वेळा वुजू, थंडीत गाल फुटले होते.

मुंबईच्या ई. एस. पाटणवालांनी 1919 मध्ये 'अफगाण स्नो' काढला. माझे आजोबा दाढीनंतर तोच लावत. कुणी हसत नसे. गोरेपणाची आशा त्यातही होतीच म्हणा. 1975 ला 'फेअर अँड लव्हली' आली, 2005 मध्ये पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम'. क्रीम म्हणजे गोरं होणं, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

या पोराला गोरं व्हायचंच नव्हतं. म्हटलं, चेहऱ्याला सौम्य साबण वापर. वुजूनंतर कातडी ओलसर असतानाच ग्लिसरीनचं साधं क्रीम लाव. वुजूआधी व्हॅसलीनचा थर मात्र नको, पाणी कातडीला लागायला हवं.