बर्नियरची साक्ष व बर्नियरचा निर्णय

परकीय प्रवाशांच्या वृत्तांतांविषयीं अभ्यासकांत दोन वृत्ति आढळतात. कोणी तें लेखन वेदवाक्य मानतात, कोणी परक्याची निंदा म्हणून दूर सारतात. फ्रान्सुआ बर्नियर या फ्रेंच वैद्याच्या ग्रंथाचें परिशीलन केलें असतां दोन्ही वृत्ति सदोष ठरतात.

बर्नियर हा गासेंदी या तत्त्ववेत्त्याचा शिष्य. इ. स. १६५९ मध्यें अहमदाबादजवळ पराभूत दारा शुकोहनें त्यास वैद्य म्हणून कांहीं दिवस बरोबर घेतलें. पुढें अनेक वर्षें तो औरंगजेबाचा उमराव दानिशमंदखान याच्या पदरीं होता. त्याचा ग्रंथ इ. स. १६७०-७१ मध्यें पॅरिस येथें प्रसिद्ध झाला. त्यांतील, चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यास लिहिलेलें पत्र विशेष विचारार्ह आहे. जहागीरदारांच्या जुलुमानें कुळें परागंदा होतात, जमिनी ओसाड पडतात, पाट-कालवे कोणी दुरुस्त करीत नाहीं, आणि कारागिराच्या पाठीवर मोबदल्याऐवजीं कोरडे बसतात, असें तो सांगतो. जहागीर आज आहे, उद्यां नाहीं. मग तिची निगा कोणी कां राखावी, हें त्यांतील मर्म.

ही साक्ष खोटी नाहीं. बऱ्हाणपुरास जन्मलेला भीमसेन सक्सेना यानें ‘तारीख-इ-दिलकुशा’ या आपल्या फारसी ग्रंथांत दक्षिणेंतील जहागिरींविषयीं हेंच गाऱ्हाणें मांडलें आहे. एक परका व एक येथलाच, असे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती मान्य करणें प्राप्त आहे.

परंतु बर्नियर या अनर्थाचें मूळ बादशहा हाच सर्व भूमीचा धनी असण्यांत पाहतो. येथें प्रमाण सुटतें. उत्तरेंत जमीनदारी हक्कांच्या खरेदीविक्रीचीं फारसी खतें उपलब्ध आहेत. महाराष्ट्रांत मिरासदार आपली जमीन वंशपरंपरा भोगीत असे व विकूंही शके, हें मिरासपत्रांवरून सिद्ध आहे. शिवाय बंगालची समृद्धि मिसर देशाहूनही अधिक, असें बर्नियरच लिहितो. आणि बंगाल त्याच बादशहाच्या अमलाखालीं होता. तात्पर्य, रयतेस हक्क नव्हता असें नव्हे. वसुलाच्या जबरदस्तीपुढें त्या हक्काचें रक्षण करणारा कोणी नव्हता.

हा भेद क्षुल्लक नव्हे. बर्नियरचा सिद्धान्त मार्क्सनें इ. स. १८५३ मध्यें एंगल्सला लिहिलेल्या पत्रांत उचलून धरला, आणि आशियांत खासगी भूमिस्वामित्वच नव्हतें हें मत विद्वानांत रूढ झालें. जुलुमानें जें रयतेकडून हिरावलें, तें तिचें कधींच नव्हतें असा त्याचा अर्थ होतो. हा तिच्यावर दुसरा अन्याय होय.

म्हणून प्रवाशानें डोळ्यांनीं पाहिलेलें एका बाजूस व त्यानें केलेला तर्क दुसऱ्या बाजूस लिहून, दोहोंसमोर गांवगांवचीं मिरासपत्रें व महजर ठेवावे. रयतेची बाजू त्याच कागदांत आहे.