शेवटच्या मुलापर्यंत

इ. स. १९०५ हें साल सेवाकार्याच्या इतिहासांत दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं २३ फेब्रुवारी रोजीं अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाच्या वकिलानें आपल्या तीन स्नेह्यांसह एक मंडळ काढलें. आणि १२ जून रोजीं पुण्यास नामदार गोखले यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली. दोहोंचे हेतु मात्र अगदीं भिन्न होते. गोखल्यांना देशकार्यास सर्वस्व वाहणारे सेवक हवे होते. हॅरिसला परक्या शहरांत चार मित्र हवे होते. सभासदांच्या कचेऱ्यांतून पाळीपाळीनें बैठका भरत, म्हणून हॅरिसच्या मंडळास ‘रोटरी’, म्हणजे फिरतें, हें नांव पडलें.

असें हें वकील-व्यापाऱ्यांचें स्नेहमंडळ एका जागतिक रोगाच्या निर्मूलनांत भागीदार कसें झालें, हा इतिहास आपण लक्षपूर्वक पाहावा असा आहे. कारण आपल्या गांवोगांवचीं सेवामंडळेंहि बहुधा अशाच स्नेहांतून निघतात. शिकागोच्या मंडळाचें आरंभीचें लोककार्य म्हणजे १९०७ सालचा सार्वजनिक शौचगृहांचा प्रयत्न. पुढें कलकत्त्यास १९१९ सालीं व मुंबईस १९२९ सालीं मंडळें निघालीं. आज तापीच्या खोऱ्यांतील नंदुरबारलाहि तें आहे. भोजन, व्याख्यान आणि यथाशक्ति दान हा अशा मंडळांचा नेहमींचा क्रम. त्यांत निंद्य कांहीं नाहीं. पण अशी सेवा बहुधा गांवाच्या वेशीशीं थांबते.

वेशीबाहेर पडण्यास निमित्त झालें तें पोलिओचें. १९७९ सालीं रोटरीनें फिलिपाईन्समधील सुमारें ६० लाख मुलांना लस देण्याच्या कामाचा भार उचलला. १९८५ सालीं जगांतील सर्वच मुलांसाठीं १२ कोटी डॉलर जमविण्याचा संकल्प सोडला, आणि १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम उभी राहिली. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य परिषदेनें पोलिओच्या उच्चाटनाचा ठराव केला. त्या काळीं १२५ देशांत हा रोग होता व दरसाल सुमारें साडेतीन लाख मुलें त्यानें पंगु होत. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मंडळानें सरकारची जागा घेतली नाहीं. लस पुरविणें, ती थंड राखणें व रोग्यांचा शोध ठेवणें हें काम सरकारी आरोग्यखात्याचें व जागतिक संस्थांचें. पैसा उभा करणें, वाहनें देणें, केंद्रावर बसणें, आईबापांची समजूत घालणें हें मंडळाचें.

भारतांत १९९५ सालीं पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. एकाच वेळीं लहानग्या सर्व मुलांच्या तोंडांत दोन थेंब घालावयाचे, म्हणजे विषाणूला वस्तीस घर उरत नाहीं, ही तिची युक्ति. बोटावर शाईची खूण करीत, दारावर खडूनें अक्षर काढीत स्वयंसेवक घरोघर फिरले. तरीहि २००९ सालीं देशांत ७४१ मुलांना हा रोग झालाच. शेंकडा पंचाण्णव मुलांना लाभ मिळाला तर इतर दानधर्मांत वाहवा होते. येथें उरलेलीं पांच मुलेंच रोगाला थारा देत. शिवाय, थेंब घेऊन पुनःपुन्हा येतां, मग पाणी व औषध कां आणीत नाहीं, असा प्रश्न उत्तर प्रदेशांतील कित्येक वस्त्यांनीं विचारला. प्रश्न रास्त होता. २००९ सालीं उत्तर प्रदेश व बिहारमधील १०७ विकासगटांत थेंबांच्या जोडीला स्वच्छता, स्तनपान व अतिसारावरील उपचार यांची योजना झाली. मूळ विषाणूनें झालेल्या रोगाचा भारतांतील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांत आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजीं देश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला.

आतां हा धडा घेऊन नंदुरबारकडे पाहावें. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या उत्तरेस अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत सातपुड्याच्या डोंगरांवर पाडे विखुरलेले. घराला घर लागून नाहीं. नर्मदेच्या धरणाचें पाणी पसरल्यावर कित्येक पाड्यांस नावेवांचून सोपी वाट उरली नाहीं. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं कुटुंबेंच्या कुटुंबें गुजरातेंत जातात. मग शहरांत केलेल्या यादींत तें मूल सांपडावें कसें? २०२० सालीं साथीच्या भीतीनें बाया केंद्रावर येईनात, तेव्हां येथील एक आंगणवाडी सेविका सुमारें १८ किलोमीटर नाव वल्हवून पाड्यांवर जाऊं लागली. बाळांचें वजन करावें, गरोदर बायांस आहार पोंचवावा, आणि परतावें. या जिल्ह्यांत कुपोषणाचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं, आणि भुकेवर दोन थेंबांची लस निघालेली नाहीं.

गोखल्यांचा सर्वस्व वाहणारा सेवक आणि हॅरिसचा आठवड्यांतून एक तास देणारा सभासद यांत श्रेष्ठ कोण, हा वाद व्यर्थ होय. पोलिओचा इतिहास इतकेंच सांगतो कीं, दुसऱ्याचा तास पहिल्याच्या कष्टांना जोडला गेला तेव्हांच काम तडीस गेलें. नावेंतून जाणाऱ्या सेविकेला शाल-श्रीफळापेक्षां यंत्राची नाव आणि डोंगरावर येणारा डॉक्टर अधिक उपयोगाचा. पाकिस्तान व अफगाणिस्तान या दोन देशांत पोलिओची सांखळी अद्यापि तुटलेली नाहीं, म्हणून आपल्याकडेहि थेंब चालूच आहेत. मंडळांच्या वार्षिक अहवालांत किती मुलांना मदत पोंचली हा आंकडा नेहमीं असतो. त्याच्या शेजारीं किती उरलीं हा दुसरा आंकडा लिहिण्याची प्रथा पडली, तर त्या अहवालाला खरी किंमत येईल.