गालातली जागा, पेशीतली जागा

कोल्हापूरहून कागल ओलांडून निपाणीकडे निघालं की तंबाखूचा मुलूख लागतो. आमच्याकडे पुरुषांनी बार भरावा आणि बायकांनी मशेरी लावावी, हा जुना रिवाज. बार धरायची जागाही ठरलेली: खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खोबण. डॉ. वसंत रामजी खानोलकरांचा मुंबईतल्या मुखकर्करोगावरचा 1944 सालचा निबंध मी शोधून वाचला, तो यामुळेच. ओळीने आलेल्या 1000 रुग्णांचा तो आढावा. पुढच्याच वर्षी त्यांनी घट्ट नेसलेल्या धोतराखाली कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचीही नोंद केली. रोग कुठे होतो, यावरून तो का होतो याचा माग काढायचा, ही त्यांची रीत.

जागेचा हा प्रश्न पुढे पेशीच्या आत शिरला. केंद्रकात काम करणारी प्रथिनंही तयार होतात ती बाहेर, पेशीद्रवात. तिथून त्यांना आत जावं लागतं. 1992 साली अमेरिकेत स्तनाच्या काही गाठींमध्ये पी-53 हे राखणदार प्रथिन केंद्रकाबाहेरच अडकलेलं आढळलं. त्यातल्या बहुतेकांत त्याचं जनुक निर्दोष होतं. पहारेकरी धडधाकट, पण वेशीबाहेर! नुसतं जनुक तपासणाऱ्याला हा बिघाड दिसणारच नाही. या साऱ्या इतिहासात मला हीच नोंद सर्वांत मोलाची वाटते.

उलटंही घडतं. सीडीसी-25-सी हे प्रथिन पेशीला विभाजनाकडे ढकलतं. एरवी त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवतं 14-3-3 नावाचं प्रथिन. (हे नावसुद्धा गंमतीचं, प्रयोगशाळेत ते वेगळं करताना कुठे सापडलं, त्याचे हे आकडे.) दोघांना जोडणारा दुवा मोडला की सीडीसी-25-सी बाहेर थांबत नाही, हे सोराब दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली अमेरिकेत दाखवलं. दलाल पुढे खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये आले. ज्या संशोधन केंद्राचे पहिले संचालक खानोलकर, त्याचाच हा आजचा वारसा. 14-3-3 चा गॅमा प्रकार घटवला तर डीएनए तुटलेला असूनही पेशी विभाजनाकडे जाते, हे तिथल्या गटाने 2008 साली मांडलं.

यातून औषधही निघालं. केंद्रकातून प्रथिनं बाहेर नेणारी एक वाट अडवणाऱ्या सेलिनेक्सॉरला अमेरिकेत 2019 साली मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. मळमळ, थकवा, प्लेटलेट घटणं हे त्रास त्यासोबत येतात. तीच वाट निरोगी पेशीही वापरतात.