दुपट्यातले पाय
माझी आजी सुईण. न्हाऊ घातलं की बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात करकचून बांधायची. नर्स झाल्यावर काही वर्षं मीही तेच केलं. सातव्या महिन्यात झालेलं, ओंजळीत मावणारं बाळ तर उबेसाठी आणखीच घट्ट. पण खुब्याची वाटी जन्मतः कोवळी असते, पाय ताणले की मांडीच्या हाडाचं डोकं तिच्यातून सरकू पाहतं. इटलीत फेराराच्या डॉ. मारिनो ऑर्तोलानींना हे सरकणं एका आईने लक्षात आणून दिलं. बाळाला धुताना तिला ‘कट्’ जाणवायचं. १९३७ साली त्यांनी त्या खुणेवर लिहिलं. जपानने १९७५च्या सुमारास पाय ताणून बांधण्याविरुद्ध मोहीम काढली, आणि निखळलेले खुबे झपाट्याने कमी झाले. किती उशिरा कळलं आम्हाला! आजीची दुसरी सवय मात्र सोन्यासारखी. बाळाने मान धरली की ते तिच्या कडेवर, गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या.