भाडेकरूची दुरुस्ती-जबाबदारी (महाराष्ट्र)

भाड्याच्या घराच्या देखभालीतील भाडेकरूचा वाटा. त्याचा मूळ आधार म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 याचे कलम 108. करारात वेगळे ठरले नसेल, तर घर ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत राखून परत करायचे. रोजच्या वापराने होणारी झीज यातून वगळली आहे. त्यामुळे काही वर्षांनी विटलेला रंग भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. त्याच्या हातून फुटलेले बेसिन मात्र त्यानेच बदलायचे. अशा नुकसानीची भरपाई मालकाची नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मात्र मुख्य भार मालकावर टाकतो. भाडेकरूने करारात वेगळे कबूल केले नसेल, तर घर राहण्याजोगे ठेवणे हे कलम 14 नुसार मालकाचे कर्तव्य आहे. त्याने टाळाटाळ केली, तर किमान 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाला कमाल वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश.

मुंबईच्या जुन्या चाळींत हा हक्क फार तोकडा पडतो. 1947च्या कायद्याने भाडी मुख्यतः 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. इतक्या तुटपुंज्या भाड्याच्या चौथाईत एका खोलीचा गिलावाही होत नाही, आणि मालकांनीही डागडुजीतून अंग काढून घेतले. म्हणूनच 1969च्या कायद्याने उपकर आणि इमारत दुरुस्ती मंडळ आणले. हे मंडळ आज म्हाडात आहे.

मालकाच्या लेखी संमतीविना कायमचे बांधकाम केल्यास घर खाली करावे लागू शकते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, हवेसाठी खिडकी, एसी ही कामे कायद्याने त्यातून वगळली आहेत. आवश्यक तिथे पालिकेची परवानगी तेवढी हवी.

किरकोळ कामांची सर्वांत स्पष्ट वाटणी केंद्राच्या 2021च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे: नळ व त्याचे वॉशर, तुंबलेली मोरी, गीझर, स्विच, कुलपे, काचा भाडेकरूकडे, इमारतीची मूळ दुरुस्ती, रंगसफेदी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. राज्याने स्वीकारल्याशिवाय हा कायदा लागू होत नाही.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याने भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याच्या बाबतीत सारे करारावर ठरते. गळती कोणी काढायची आणि डिपॉझिटमधून काय कापायचे, हे नोंदणीपूर्वीच करारात लिहून घेणे त्याच्या हिताचे. ताबा घेतानाच्या फोटोंचा पुरावा डिपॉझिटच्या वादात फार उपयोगी पडतो.